त्याग कोणाचा, ऋण कोणाचे?

परप्रांती नोकरी करणाऱ्या माणसाच्या आयुष्यात डॉक्टरला जे स्थान असते ते स्वगृही राहणाऱ्याच्या आयुष्यात सहसा नसते. गावी दुखणे आले की भोवती आईवडील असतात, काका-मामा असतात, शेजारीपाजारी असतात. आणि या सर्वांच्या मागे घरोब्याचा असा एखादा डॉक्टर असतो. बदलीच्या गावी यांपैकी कोणीच नसते. तेथे मध्यरात्री मुलाचा ताप चढू लागला म्हणजे वसाहतीच्या टोकाला असलेल्या लहानशा रुग्णालयातील दिवा आणि त्या दिव्याखाली झोपमोड होऊन बसलेला एखादा तरुण डॉक्टर, एवढाच काय तो आधार. अशा डॉक्टरविषयी आपणांस कृतज्ञता वाटते, यात शंका नाही. परंतु कृतज्ञता निराळी आणि न्याय निराळा, आणि पहिलीच्या समाधानात दुसऱ्याचा विसर पडणे फार सोपे असते. असा विसर मला एकदा पडला. त्याचे फळ मात्र मला भोगावे लागले नाही. ते दुसऱ्याच कोणीतरी भोगले. ती हकीकत आधी सांगितल्यावाचून या प्रश्नावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला नाही.

१९९४ साली मी एका सार्वजनिक उपक्रमाच्या खाण-वसाहतीत वित्त अधिकारी होतो. आज ज्याला छत्तीसगड म्हणतात त्या प्रदेशातली ही वसाहत. भोवती सालवनाचे डोंगर. जिल्ह्याचे ठिकाण नव्वद किलोमीटर. वसाहतीचे तीस खाटांचे रुग्णालय होते. निवृत्तीला आलेले एक शल्यचिकित्सक, प्रसूतिशास्त्र शिकलेल्या एक डॉक्टरीणबाई आणि नुकताच रुजू झालेला ओडिया भाषिक तरुण डॉक्टर, असा तेथील वैद्यकीय परिवार. शस्त्रक्रियेसाठी भूल देणारा डॉक्टर आठवड्यातून एकदा ठरल्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणाहून येई. रोगांनी मात्र हे वेळापत्रक कधी मान्य केले नव्हते. तरुण डॉक्टरच्या ही गोष्ट लवकरच ध्यानात आली आणि त्याने अर्ज केला की, वैद्यकीय महाविद्यालयात सहा महिने राहून भूल देण्याचे शिक्षण घेण्याची मला परवानगी मिळावी, आणि त्या अवधीत वेतन चालू राहावे.

कागद मान्यतेसाठी माझ्याकडे आला. मी नियम पाहिले, खर्चाचा हिशेब केला आणि टिपणी लिहिली. सहा महिने रुग्णालयात एक डॉक्टर कमी पडेल, बदली डॉक्टरची तरतूद अंदाजपत्रकात नाही, आणि प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर संबंधित अधिकारी नोकरी सोडून जाण्याची शक्यता नाकारता येत नाही. सबब प्रस्ताव मान्य करू नये, असा तिचा आशय होता. टिपणी निर्दोष होती. तिच्यातील एकही विधान खोटे नव्हते. वरिष्ठांनी तिच्यावर सही केली आणि मी ती विसरून गेलो.

पुढच्या वर्षीच्या भाद्रपदात एका खलाशाच्या पत्नीला बाळंतपणासाठी रात्री रुग्णालयात आणले. मूल अडले होते. पोट उघडून मूल काढणे हा एकच उपाय होता. डॉक्टरीणबाईंना ती शस्त्रक्रिया येत होती, शस्त्रक्रियेची खोली सज्ज होती, भूल देणारे मात्र कोणी नव्हते. तीन दिवसांच्या पावसाने ओढ्याला पूर आला होता. जिल्ह्याच्या ठिकाणाहून कोणी येणे शक्य नव्हते. इकडून रुग्णवाहिका निघाली ती दूरच्या वळणाच्या रस्त्याने. ती बाई वाटेतच गेली, आणि तिच्याबरोबर तिचे मूल.

चौकशी झाली. समितीत वित्त विभागाचा प्रतिनिधी म्हणून मी होतो. कोणीतरी त्या तरुण डॉक्टरला विचारले, “प्रसंग एवढा बिकट होता, तर स्वतःच्या जबाबदारीवर पाठीच्या कण्यात भुलीचे इंजेक्शन का दिले नाही?” त्याने उत्तर दिले, “मला ते येत नव्हते, साहेब.” याहून अधिक तो काही बोलला नाही. आपण ते शिकण्यासाठी अर्ज केला होता, हे त्याने सांगितले नाही. तो अर्ज आणि त्याखालची माझी टिपणी दुसऱ्या दिवशी दुसराच एक कागद शोधताना माझ्या हाती लागली. पुढील वर्षी तो डॉक्टर राजीनामा देऊन गेला. “शेवटी गेलाच! ही मंडळी लहान जागी टिकत नाहीत,” असे आम्ही क्लबात एकमेकांस म्हणालो. ते म्हणणाऱ्यांत मीही होतो.

या घटनेचा विचार मी पुष्कळ वर्षे केला आहे. माझ्या टिपणीमुळेच ती बाई दगावली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. शिक्षण घेतलेला डॉक्टरही त्या रात्री रजेवर असू शकला असता. पण माझ्या मनाला टोचते ते कार्यकारणाचे हे गणित नव्हे. टिपणी लिहिताना माझ्या मनात जी एक समजूत होती, ती टोचते. डॉक्टरचे पुढचे शिक्षण, त्याची उन्नती, ही त्याची खाजगी हौस आहे. रुग्णालयाचे काम वेगळे आणि डॉक्टरची प्रगती वेगळी. आणि दोहोंत विरोध आला तर प्रगतीने माघार घ्यावी, हाच त्याचा धर्म, अशी ती समजूत होती. ती माझ्या एकट्याची नाही. ती आपल्या समाजात, शासनात आणि पुष्कळ सज्जनांच्या मनातही खोल रुजलेली आहे. म्हणून तिची नीट तपासणी झाली पाहिजे.

या समजुतीच्या बाजूने पहिला युक्तिवाद येतो तो ऋणाचा. डॉक्टरचे शिक्षण जनतेच्या पैशातून होते. म्हणून जेथे जनतेला गरज आहे तेथे त्याने गेले पाहिजे. हा युक्तिवाद पोकळ नाही. शासकीय महाविद्यालयातील विद्यार्थी जी फी भरतो तिच्या कितीतरी पट खर्च त्याच्यावर होतो. त्या बदल्यात ठराविक वर्षे सेवा करण्याचे बंधपत्र अनेक राज्ये लिहून घेतात, आणि अशी बंधपत्रे वैध असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिला. ऋण आहे, हे मी मान्य करतो. पण ऋण म्हटले की त्याचे स्वरूपही पाहिले पाहिजे. आपल्या परंपरेने जी ऋणे सांगितली त्यांत ऋषिऋण आहे, आणि ते फिटते अध्ययनाने. विद्या दिली त्याचे देणे विद्या वाढवून आणि पुढे देऊन फेडावयाचे असते. ज्याला आपण अध्ययनाची वाटच ठेवत नाही, त्याच्याकडून आपण ऋण वसूल करीत नसतो. ते फेडण्याचे साधन काढून घेत असतो. बंधपत्राने माणूस एका जागी दोन वर्षे उभा राहतो, एवढे खरे. परंतु ती दोन वर्षे तो शिकत नसेल, तर त्याचे लक्ष दिनदर्शिकेकडे असते, आणि मुदत संपताच त्या खुर्चीवर दुसरा ऋणको येऊन बसतो.

दुसरा युक्तिवाद त्यागाचा, आणि तो अधिक मोहक आहे. रखमाबाईंचे उदाहरण घ्या. लंडनला वैद्यकाचे शिक्षण घेऊन आलेल्या या मराठी स्त्रीने सुरत आणि राजकोट येथे, म्हणजे आपल्यासारखीच परप्रांती, तीन दशकांहून अधिक काळ रुग्णसेवा केली. १९७० साली जामखेडला गेलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, १९७३ पासून हेमलकशाच्या अरण्यात असलेले डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे, गडचिरोलीचे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग, ही नावे घेतली की मराठी माणसाची मान ताठ होते, आणि ती ताठ व्हावी हेच योग्य. परंतु ही नावे आपण कशासाठी घेतो, हे स्वतःला विचारून पाहावे. पुष्कळदा आपण ती स्वतःला प्रेरणा मिळावी म्हणून घेत नाही; दुसऱ्या एखाद्या सामान्य, संसारी, मुलाच्या शाळेच्या विवंचनेत असलेल्या डॉक्टरला लाजविण्यासाठी घेतो. त्याग हा स्वतःपुरता सद्गुण आहे. मी माझा करतो तेव्हा तो त्याग. मी तुमच्याकडून करवून घेतो तेव्हा त्याला वेगळे नाव द्यावे लागते. निष्काम कर्माचा उपदेश स्वतःच्या मनाला करावयाचा असतो. आपल्या हाताखालच्या माणसाचा अर्ज नामंजूर करताना तो उद्धृत करणे, हा त्या उपदेशाचा उपमर्द आहे.

आणखी एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. ही थोर माणसे लहान जागी गेली ती शिकणे थांबवून नव्हे. आरोळे दांपत्य आणि बंग दांपत्य या दोघांनीही अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला होता. जामखेड आणि गडचिरोली हे त्या अभ्यासाचे विसर्जन नव्हते, तर त्याची पुढची पायरी होती. गडचिरोलीच्या खेड्यांत गावच्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरी काळजी घेण्यास शिकवून तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक खाली आणल्याचा प्रयोग १९९९ साली ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लहान जागा ज्ञानाला पारखी असते, या समजुतीला याहून चांगले उत्तर नाही. तेथे ज्ञान निपजू शकते. मात्र ते निपजावे यासाठी काळाची, साधनांची आणि संवादाची जी मोकळीक लागते ती या मंडळींनी स्वतःची संस्था उभारून मिळविली. तीस खाटांच्या रुग्णालयातील पगारी डॉक्टरला ती कोण देणार, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

आता प्रश्नाच्या गाभ्याकडे वळतो. लहान रुग्णालयातील डॉक्टरला नेमके काय कमी पडते? पगार कमी, घर गळके, वीज लहरी, या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या सुधारल्याच पाहिजेत. पण माझ्या ओळखीच्या जितक्या डॉक्टरांनी मन मोकळे केले, त्या सर्वांच्या बोलण्यात एक गोष्ट पुनःपुन्हा आली: विचारावयास कोणी नाही. मोठ्या रुग्णालयातील तरुण डॉक्टर दिवसातून दहा वेळा दुसऱ्याला विचारतो. जेवताना, जिन्यात, रुग्णाच्या खाटेपाशी त्याचे शिक्षण अजाणता चालूच असते. त्याची चूक सायंकाळपर्यंत कोणाच्या तरी लक्षात येते. लहान रुग्णालयातील डॉक्टरची चूक एक तर कोणाच्याच लक्षात येत नाही, किंवा ती एकदम सर्व गावाच्या लक्षात येते. या दोन टोकांमध्ये जो हळूहळू शिकण्याचा प्रदेश आहे, तो त्याच्या वाट्यालाच येत नाही.

आपल्या प्राचीन वैद्यांना ही गोष्ट पक्की ठाऊक होती. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात ‘तद्विद्यसंभाषा’ या नावाने तिचा विचार आला आहे. तद्विद्य म्हणजे तीच विद्या जाणणारा. त्याच्याशी केलेला संवाद ती तद्विद्यसंभाषा. वैद्याने वैद्याशी बोलत राहावे, असे चरक सांगतो, आणि त्याचे लाभही मोजून देतो: ज्ञान वाढते, पूर्वी शिकलेल्यातील संशय फिटतात, पूर्वी न ऐकलेले कानी पडते. एक लाभ तर मोठा मनोज्ञ आहे. आचार्य जी मर्माची गोष्ट एरवी शिष्यालाही सहसा सांगत नाही, ती तो संभाषणाच्या भरात बोलून जातो. संवादाचे दोन प्रकारही चरक करतो. मित्रभावाने केलेली संभाषा निराळी आणि जिंकण्याच्या ईर्ष्येने केलेली निराळी. ज्ञान मिळते ते पहिलीत, कारण तिथे आपले अज्ञान उघडे करण्याचे भय नसते. याच ग्रंथाने चिकित्सेचे चार पाद मानले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. वैद्याला त्यात प्रमुख स्थान आहे. पण एका पायावर उभी राहणारी चिकित्सा चरकाच्या कल्पनेत नाही. आम्ही मात्र एक पाय खेड्यात रोवून ती चालत का नाही म्हणून रागावतो.

एकाकीपणाचे पर्यवसान कशात होते ते पाहा. डॉक्टर आधी बिचकतो. जे येत होते तेही हातून सुटू लागते, कारण शस्त्र आणि सुई यांची विद्या वापरावाचून राहत नाही. एखादा रुग्ण दगावला आणि नातेवाईकांनी गोंधळ घातला की, या जागी धोका पत्करण्यात अर्थ नाही, असा धडा तो घेतो. मग प्रत्येक कठीण रुग्णाला ‘पुढे न्या’ असे चिठ्ठीवर लिहून पाठविणे हा त्याचा परिपाठ होतो. गावकरीही समजून चुकतात की येथे केवळ चिठ्ठी मिळते. ते परस्पर मोठ्या गावी जाऊ लागतात. रुग्ण कमी झाले म्हणून साधने कमी होतात, साधने कमी म्हणून चांगला डॉक्टर येत नाही. केंद्र शासनाच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्यविषयक आकडेवारीनुसार सामूहिक आरोग्य केंद्रांत जितके तज्ज्ञ डॉक्टर असावयास हवे होते, त्यांपैकी सुमारे ऐंशी टक्के नव्हते. या आकड्याकडे पाहून डॉक्टरांच्या स्वार्थाविषयी बोलणे सोपे आहे. पण ज्या विहिरीवर ऐंशी टक्के माणसे पाणी भरावयास जात नाहीत, त्या विहिरीचे पाणीही एकदा तपासून पाहावे.

यावर माझ्या टिपणीतील आक्षेप पुन्हा उभा राहतो: शिकविलेला डॉक्टर निघून गेला तर? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही, असे घडते. पण न शिकविलेलाही जातो, हे मी डोळ्यांनी पाहिले. आणि न शिकविलेला जर राहिला, तर ते रुग्णाच्या दृष्टीने अधिक चांगले, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? माझ्या टिपणीत एका बाजूला सहा महिन्यांचा पगार होता. दुसऱ्या बाजूला काय होते, ते लिहावयास जमाखर्चाच्या वहीत रकानाच नव्हता. गंमत म्हणावी की दैवाची थट्टा, त्या डॉक्टरने १९९४ साली जे मागितले तेच पुढे शासनाचे धोरण झाले. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झाले आणि केवळ एम.बी.बी.एस. झालेल्या डॉक्टरांना अठरा आठवड्यांत प्रसूतिप्रसंगीच्या तातडीच्या भुलीचे शिक्षण देण्याचा कार्यक्रम त्यात समाविष्ट झाला. अठरा आठवडे! मी तर सहा महिन्यांना भ्यालो होतो. त्या कार्यक्रमातही चुका झाल्या. शिकून आलेल्या काहींना अशा जागी नेमले की जेथे शस्त्रक्रिया करणारे कोणी नव्हते, किंवा उपकरणेच नव्हती. नुसत्या शिक्षणाने भागत नाही, शिकलेले वापरता येईल अशी जागाही द्यावी लागते, हा त्यातील बोध.

साहाय्य कसे असावे याचे मला पटलेले एक उदाहरण दूरदेशीचे आहे, पण त्याचा कर्ता भारतीय वंशाचा. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात यकृताच्या ‘हिपॅटायटिस सी’ या विकारावर उपचार करणारे तज्ज्ञ मोजके, आणि रुग्ण मैलोन्‌मैल पसरलेल्या वस्त्यांत. तेथील विद्यापीठातले डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली ‘इको’ नावाचा प्रकल्प आरंभिला. रुग्णाला तज्ज्ञाकडे आणण्याऐवजी त्यांनी खेड्यातील डॉक्टरांना दर आठवड्याला दूरचित्रसंवादाने एकत्र बसविले. प्रत्येकाने आपला रुग्ण सर्वांसमोर मांडावयाचा, तज्ज्ञांनी आणि इतरांनी चर्चा करावयाची. उपचार मात्र गावच्या डॉक्टरनेच करावयाचा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत विद्यापीठाच्या रुग्णालयात ५७.५ टक्के रुग्ण विषाणुमुक्त झाले होते आणि खेड्यांतील व तुरुंगांतील केंद्रांत ५८.२ टक्के. म्हणजे खेड्यातील डॉक्टरांचे काम तज्ज्ञांच्या तोडीचे ठरले. ही तद्विद्यसंभाषाच नव्हे काय? आपल्याकडेही २०१९ पासून ‘ई-संजीवनी’ या योजनेत केंद्रावरील डॉक्टरला दूरच्या तज्ज्ञाचा सल्ला घेता येतो. पण सल्ला मिळणे आणि शिकणे यांत अंतर आहे. फोनवरून औषधाचे नाव सांगितले तर त्या एका रुग्णाचे भागते. ते औषध का, हे समजावून सांगितले तर पुढच्या शंभरांचे भागते.

लहान रुग्णालयालाच विद्यालय करावे, हा विचारही आता रुजू लागला आहे. राष्ट्रीय परीक्षा मंडळाने २०२१ पासून जिल्हा रुग्णालयांसारख्या ठिकाणी दोन वर्षांचे पदविका अभ्यासक्रम चालू केले. २०२१ च्या तुकडीपासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे लागते. सेवेत असलेल्या डॉक्टरांसाठी पदव्युत्तर जागा राखून ठेवण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये मान्य केला. तमिळनाडूसारख्या राज्याने ही वाट फार आधीपासून धरली होती. या उपायांचे मर्म मला असे दिसते की, जेथे एक विद्यार्थी येऊन राहतो तेथील डॉक्टरला गुरू व्हावे लागते, आणि गुरू व्हावयाचे तर रात्री पुस्तक उघडावे लागते.

या सर्वांचा मूळ आराखडा ज्याने मांडला तो आपल्याच जातकुळीचा एक अधिकारी होता, हे पुष्कळांस ठाऊक नसते. नाशिकला १८७८ साली जन्मलेले सर जोसेफ भोर आय.सी.एस. होऊन मद्रास इलाख्यात गेले, कोचीनचे दिवाण झाले आणि त्यांची सारी कारकीर्द महाराष्ट्राबाहेर गेली. १९४३ साली नेमलेल्या आरोग्य समितीचे ते अध्यक्ष होते आणि १९४६ साली त्यांचा अहवाल आला. प्राथमिक केंद्र, त्यावर दुय्यम, त्यावर जिल्ह्याचे मोठे रुग्णालय, अशी परस्परांशी बांधलेली रचना त्यात होती. प्राथमिक केंद्रापाशीच पंचाहत्तर खाटांचे रुग्णालय असावे असे तिचे अंतिम स्वप्न होते. १९५२ पासून आपण प्राथमिक केंद्रे बांधू लागलो. मजले उभे राहिले. पण त्यांना जोडणारा जिना, ज्यावरून रुग्ण वर जावा आणि ज्ञान खाली यावे, तो मात्र अपुराच राहिला. रुग्ण तेवढा वर जातो. तो बरा होऊन परतला तर काय झाले, कोणते निदान निघाले, हे खालच्या डॉक्टरला कळविण्याची एक चिठ्ठीदेखील बहुधा परत येत नाही.

बाहेरगावी नोकरी केलेल्या आपणांस हे समजावयास फारसे कठीण पडू नये. आपणही लहान जागी राहिलो. पण आपल्यामागे खाते होते, परिपत्रके होती, अडले तर दूरध्वनीवर वरिष्ठ होते. आणि तीन वर्षांनी बदली होणार ही खात्री होती. आपली बढती आपल्या कामापासून आपणांस तोडत नव्हती. लहान रुग्णालयातील डॉक्टरची बढती म्हणजे बहुधा स्टेथोस्कोप खुंटीला टांगून खुर्चीवर बसणे. जो उत्तम चिकित्सक तो या बढतीने चिकित्सेला मुकतो. रुग्णापाशी राहूनच मोठे होण्याची वाट त्याला असली पाहिजे. ती असावी म्हणून शिकावयास रजा, त्या रजेत काम पाहावयास बदली डॉक्टर, विचारावयास एक ठराविक ज्येष्ठ, आणि चूक झाली तर फासावर न देता तिची शांतपणे चिकित्सा करणारी बैठक, एवढ्या गोष्टी हव्यात. या काही सवलती नव्हेत. रुग्णाचा जो हक्क आपण मान्य करतो, त्याचाच हा अर्धा भाग आहे. कारण अज्ञान डॉक्टरचे असले तरी भोग रुग्णाचा असतो.

येथे डॉक्टरच्या कर्तव्याविषयी काहीच न बोलणे पक्षपाताचे होईल. ‘उन्नती’ हा शब्द शिडीसारखाही वापरता येतो. लोकांच्या पैशाने शिकून, शिकल्या दिवशीच पाठ फिरविणाऱ्याचे समर्थन मी करणार नाही. ज्याच्यासाठी रुग्णालयाने सहा महिने झळ सोसली, त्याने त्या विद्येचे पहिले फळ त्या रुग्णालयाला दिले पाहिजे. तसे लेखी वचन घेण्यातही अनुचित काही नाही. फरक एवढाच की, हे वचन दिलेल्या गोष्टीच्या बदल्यात असते, आणि असे वचन माणूस मानेने पाळतो. काहीच न देता घेतलेले वचन तो दिवस मोजून पाळतो. मी त्या डॉक्टरकडून चार वर्षांचे वचन मागू शकलो असतो. आज वाटते, त्याने ते आनंदाने दिले असते. मी विचारलेच नाही. तो जाईल, हे मी त्याच्या वतीने ठरवून टाकले, आणि मग तो खरोखर गेला.

तो आता एका मोठ्या शहरात भूलतज्ज्ञ आहे. दिवसाला सात-आठ रुग्णांना निर्धोक झोपवितो आणि जागे करतो. काही वर्षांपूर्वी माझ्या एका शस्त्रक्रियेच्या वेळी योगायोगाने त्याची गाठ पडली. त्याने मला ओळखले. जुन्या दिवसांच्या गोष्टी निघाल्या. सालवन, खाण, क्लबातला गणेशोत्सव. त्या रात्रीचा विषय दोघांनीही काढला नाही. निघताना मी त्याला विचारले, “ते शिक्षण तेव्हाच मिळाले असते, तर तुम्ही तेथे राहिला असता का?” तो थोडा थांबला आणि म्हणाला, “ठाऊक नाही, साहेब. कदाचित काही वर्षे राहिलो असतो.”

त्याचे हे उत्तर मला अजून पुरते. काही वर्षे म्हणजे काही पावसाळे, आणि त्या पावसाळ्यांतल्या कित्येक रात्री. आपणांपैकी पुष्कळांच्या टेबलावर आजही असा एखादा अर्ज येत असेल: रजेचा, प्रशिक्षणाचा, एखाद्या परिषदेला जाण्याच्या प्रवासखर्चाचा. नियम पाहावेत, हिशेबही करावा. ते आपले कामच आहे. फक्त ‘मान्य करू नये’ असे लिहिण्यापूर्वी अर्जदाराला एकदा बोलावून घ्यावे आणि विचारावे, हे तुम्हाला कोणासाठी शिकावयाचे आहे? मी तो प्रश्न विचारला असता, तर डॉक्टरने मला बाळंतिणीच्या खोलीकडे बोट करून दाखविले असते.